शंभर म्हणायच्या वाटा

खिशात शंभराची नोट असेल तर ती बाहेर काढावी आणि उलटी करावी. मागच्या बाजूला डावीकडे एक पट्टा दिसेल. त्यात एकाखाली एक पंधरा बारीक ओळी आहेत आणि पंधराही ओळी एकच गोष्ट सांगतात, की हे शंभर रुपये आहेत. क्रम भाषांच्या इंग्रजी नावांप्रमाणे लावलेला आहे, म्हणून सुरुवात आसामीने होते, शेवट उर्दूने होतो आणि मराठी मल्याळी व नेपाळीच्या मध्ये बसते. पुढच्या बाजूची हिंदी आणि इंग्रजी धरली की एका कागदावर सतरा भाषा आणि अकरा लिप्या होतात.

देशाच्या नोटा ज्या चार छापखान्यांत छापल्या जातात त्यांतला एक १९२८ पासून नाशिकरोडला आहे. नाशिककर त्याला नुसते ‘प्रेस’ म्हणतात. माझे मामा प्रेसमध्ये होते. सुट्टीत आम्ही भाचरे त्यांच्याकडे गेलो की ते पाकिटातली नोट काढून पुढे ठेवायचे आणि विचारायचे, “सांगा बरं, यातल्या किती ओळी वाचता येतात?” चार यायच्या, कारण चार देवनागरीत होत्या. मराठीत ‘शंभर रुपये’, कोकणीत ‘शंबर रुपया’, नेपाळीत ‘एक सय रुपियाँ’ आणि संस्कृतात ‘शतं रूप्यकाणि’. “आणि उरलेल्या अकरा?” मामा विचारायचे. “वाचता नाही आल्या तरी चालेल. त्या वाचणारी माणसं कुठं राहतात, तेवढं सांगा.”

हे पुस्तक त्याच प्रश्नाचा मोठा नकाशा आहे. जगातल्या प्रमुख भाषा कोणत्या, त्या कुठे बोलल्या जातात आणि तिथवर त्या कशा पोचल्या, हे मराठी वाचकाला समजावे म्हणून ते लिहिले आहे. देश, आकडे आणि कुळे पुढच्या प्रकरणांत ओळीने येतील. प्रस्तावनेत मला वाचकाचा हात धरून उंबरठा ओलांडून द्यायचा आहे, आणि त्यासाठी ‘शंभर’ हा एकच शब्द पुरेसा आहे असे मला वाटते.

लासलगावच्या बाजार समितीत सकाळी कांद्याचा लिलाव चालतो तेव्हा तिथे जाऊन उभे राहावे. ट्रॅक्टर ओळीने लागलेले असतात. व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपाशी थांबतो, कुणी चार कांदे उचलून हातात फिरवतो, भाव पुकारला जातो, आकडा कागदावर उतरतो आणि घोळका पुढे सरकतो. त्या दोन मिनिटांत शेतकऱ्याच्या कानावर जे शब्द पडतात ते सगळे त्याला आपलेच वाटतात, आणि ते आहेतही. पण त्यांचे प्रवास पाहावेत. ‘लिलाव’ पोर्तुगीजांकडून आला. ‘बाजार’ फारसी आहे. ‘हमाल’ आणि ‘वजन’ अरबी. ‘कांदा’ संस्कृत ‘कंदा’तून आला. ‘गोणी’ इथली, आणि इंग्रजीने ती उचलून तिचे ‘गनी बॅग’ केले.

राहिला ‘क्विंटल’. हा शब्द मूळचा उत्तरकालीन लॅटिनमधला ‘केंतेनारियुम’. तो ग्रीकांनी घेतला, ग्रीकांकडून सिरियातल्या भाषांतून अरबीत गेला आणि ‘किंतार’ झाला. अरब व्यापाऱ्यांबरोबर भूमध्य समुद्र ओलांडून तो पुन्हा युरोपात आला, ‘क्विंटल’ या रूपात स्थिरावला आणि इंग्रजीमार्फत लासलगावच्या काट्यावर चढला. त्याचा मूळ अर्थ शंभराचे वजन. त्याच्या पोटात लॅटिनचा ‘केंतुम’ आहे आणि केंतुम म्हणजे शंभर. संस्कृत ‘शत’ आणि लॅटिन ‘केंतुम’ ही एकाच घरातली भावंडे आहेत. ‘पाचशे’, ‘सातशे’ यांतला ‘शे’ हा त्याच ‘शता’चा झिजलेला तुकडा. म्हणजे “सातशे रुपये क्विंटल” असा भाव पुकारला जातो तेव्हा एकाच वाक्यात शंभर दोनदा येतो. एक आपल्या घरी हळूहळू झिजत आलेला, दुसरा रोम, बगदाद आणि लंडन फिरून आलेला.

हे नाते ओळखण्याची पहिली चाहूल गोव्यात लागली, याचा मराठी माणसाला अभिमान वाटायला हरकत नाही. पुढे मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचणारे जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी १५८३ मध्ये गोव्याहून आपल्या भावाला पत्र लिहिले. इथल्या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे, असे त्यांनी त्यात नोंदवले. त्याच दशकात फ्लॉरेन्सचा व्यापारी फिलिप्पो सास्सेत्ती भारतात होता. संस्कृतातले सप्त, अष्ट, नव हे आकडे आपल्या इटालियनमधल्या ‘सेत्ते’, ‘ओत्तो’, ‘नोवे’ यांच्याशी जुळतात, हे त्याच्या ध्यानात आले. दोघांनी टिपले, पण पुढे दोनशे वर्षे तो धागा फारसा कुणी ओढला नाही. १७८६ मध्ये कलकत्त्याला विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच लोपलेल्या मुळातून निघाल्या असाव्यात असे जाहीरपणे मांडले आणि तिथून हे शास्त्र उभे राहिले.

या शास्त्राने शंभरालाच खूण म्हणून निवडले. इंडो-युरोपीय कुळाच्या भाषांचे दोन गट पाडले आणि त्यांना नावे दिली ‘केंतुम’ आणि ‘सतम्’. मूळच्या ‘क’सारख्या एका ध्वनीचा जिथे ‘स’ किंवा ‘श’ झाला त्या सतम् भाषा. त्यांत संस्कृतचा ‘शत’, फारसीचा ‘सद’, रशियनचा ‘स्तो’, लिथुआनियनचा ‘शिम्तास’. जिथे ‘क’ टिकला त्या केंतुम. लॅटिन त्यांत आली, आणि तिच्या लेकी स्पॅनिश, पोर्तुगीज, फ्रेंच याही, जरी त्यांच्या तोंडी तो ‘क’ नंतर मऊ पडून ‘स’कडे झुकला. जर्मानिक भाषांत ‘क’ घशात उतरून ‘ह’ झाला, म्हणून इंग्रजीत ‘हंड्रेड’. बरीच वर्षे असे मानत, की केंतुम म्हणजे पश्चिमेच्या आणि सतम् म्हणजे पूर्वेच्या भाषा. मग विसाव्या शतकाच्या आरंभी आजच्या चीनमधल्या शिंजियांगच्या वाळूत तोखारी भाषेची हस्तलिखिते सापडली. इतक्या पूर्वेला, आणि तिच्यात शंभराला ‘कांते’! नकाशावरची सरळ रेघ पुसावी लागली. या विषयातले असे प्रसंग मला फार प्रिय आहेत.

आता परत नाशिकला येऊ. मुंबई-आग्रा रस्त्यावर त्रिरश्मी डोंगर आहे, तिथल्या चोवीस लेण्यांना आपण पांडवलेणी म्हणतो. तिसऱ्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा लेख प्रसिद्ध आहे, पण मला ओढ दहाव्या लेण्याची. क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात याने तिथे भिंतीवर आपल्या दानाचा हिशेब कोरून ठेवला आहे. तीन हजार कार्षापण नाणी त्याने गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून दिले. दोन हजार एका श्रेणीकडे, एक हजार दुसरीकडे, आणि त्यांच्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंची सोय करायची. दोन हजारांवरच्या व्याजाचा दर लिहिला आहे ‘पडिकशत’, म्हणजे शंभराला महिन्याला एक. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हा शब्द दगडावर आहे आणि त्यातला ‘शत’ आजही उन्हात वाचता येतो.

उषवदात शक होता. त्याच्या पूर्वजांची भाषा इराणी शाखेतली. सतराव्या लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त स्वतःला उत्तरेकडच्या दत्तामित्रीचा यवन, म्हणजे ग्रीक, म्हणवतो. पण दोघांनीही नाशिकला दान दिले ते प्राकृतात आणि ब्राह्मी लिपीत नोंदवून, उषवदाताच्या लेखात संस्कृतची भर जरा जास्त. दान, ठेव, व्याज, साक्ष यांची भाषा इथे प्राकृत होती, म्हणून परक्यानेही ती उचलली. मोठी भाषा कशी घडते याचे मला माहीत असलेले हे सर्वांत जवळचे उदाहरण. ज्या भाषेत देणेघेणे चालते, पावती मिळते, न्याय मिळतो, तिच्याकडे माणसे वळतात. तिचे व्याकरण सोपे की अवघड, शब्द गोड की कडू, याचा तिच्या मोठेपणाशी संबंध नसतो. पुढच्या सगळ्या प्रकरणांतून मला हेच दाखवायचे आहे.

शंभर हाताशी धरून जग फिरले की हे ठायी ठायी दिसते. फिनलंडची भाषा आपल्या कुळातली नाही, तरी तिथे शंभराला ‘सता’ म्हणतात. हजारो वर्षांपूर्वी गवताळ प्रदेशात आर्य-इराणी बोली बोलणाऱ्यांशी शेजार होता, त्या शेजारात तो शब्द उसना गेला. हंगेरियन ‘साझ’ही असाच. चिनी ‘पाय’ जपानीत ‘ह्याकु’ झाला आणि कोरियनमध्ये ‘पेक’, कारण लेखन, धर्मग्रंथ आणि राज्यकारभार चीनकडून आले. भाषा तिन्ही वेगळ्या राहिल्या. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिली उभी राहिली. तिची हाडे बांटू आहेत. एक ते पाच, आठ आणि दहा हे आकडे बांटू, पण सहा, सात, नऊ आणि शंभर अरबी. शंभराला ‘मिया’. लहान आकडे घरचे आणि मोठे व्यापाऱ्याचे, हे किती साहजिक आहे. इंडोनेशियात ‘रातुस’, जावानीजमध्ये ‘सातुस’, आणि तिथून हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेलगतच्या मादागास्करमध्ये ‘झातो’. तिन्ही एकाच ऑस्ट्रोनेशियन कुळातले. होड्यांतून गेलेल्या माणसांनी आपले आकडे बरोबर नेले. आणि आपल्या नोटेवरच कानडी, तमीळ, मल्याळी वाचता आली तर तिथे ‘नूरु’ भेटतो. हे द्राविड कूळ, ‘शता’शी त्याचे काही नाते नाही. सतरा भाषा असूनही नोटेवर कुळे दोनच आहेत, इंडो-युरोपीय आणि द्राविड.

आकड्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण वाचक ते शोधणारच. जगात आज सात हजारांच्या आसपास भाषा आहेत आणि त्यांतल्या निम्म्यांचे बोलणारे प्रत्येकी दहा हजारांच्या आत आहेत. एक कोटी वस्तीच्या पापुआ न्यू गिनीत आठशेवर भाषा आहेत. दुसऱ्या टोकाला, दोन डझन भाषांतच निम्मे जग बोलते. इंग्रजी येणारी माणसे दीडशे कोटींच्या घरात जातात, पण तिला मातृभाषा म्हणणारे चाळीस कोटींच्या आसपास. मँडरिनचे उलटे आहे, तिचे बहुतेक बोलणारे घरातूनच ती घेऊन आलेले. स्पॅनिश स्पेनपेक्षा मेक्सिकोत जास्त बोलली जाते. पोर्तुगालची वस्ती एक कोटी आणि ब्राझीलची वीस कोटींवर, तेव्हा पोर्तुगीजचे घर आता कुठे म्हणायचे? जपानी मात्र सुमारे बारा कोटींची भाषा असून जवळजवळ एकाच देशात राहते.

मराठीला २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मातृभाषा सांगितले. देशात हिंदी आणि बंगालीनंतर तिसरी. ही संख्या इटालियनपेक्षा जास्त आणि फ्रेंचच्या मातृभाषिकांच्या तोडीची आहे. तरी फ्रेंच दोन डझनांहून अधिक देशांची राजभाषा आहे आणि संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांपैकी एक. वसाहतींचा इतिहास वजा केला तर हा फरक समजत नाही. इंडोनेशियाने वेगळे केले. तिथे सर्वांत जास्त बोलणारे जावानीजचे. पण २८ ऑक्टोबर १९२८ रोजी तरुणांनी शपथ घेऊन ऐक्यभाषा निवडली ती बंदराबंदरांतली व्यापारी मलय, जी फार थोड्यांची मातृभाषा होती. फारशा कुणाच्या घरची नसल्यामुळे ती सर्वांची होऊ शकली. भाषेच्या राजकारणात एवढा शहाणपणा क्वचित दिसतो.

पण आकडा वाचताना एक प्रश्न नेहमी जवळ ठेवावा, की मोजताना कुणाला कुणात धरले? २०११ मध्ये लोकांनी मातृभाषा म्हणून १९,५६९ नावे सांगितली. छाननी करून ती १,३६९ वर आणली गेली आणि दहा हजारांवर बोलणारे असलेल्या भाषा ठरल्या १२१. हिंदीचे ५२ कोटी ८३ लाख झाले त्यांत हिंदी असेच नाव सांगणारे ३२ कोटी होते. बाकीच्यांत भोजपुरीचे एकटीचे पाच कोटींवर. चीनमध्येही कँटनचा माणूस आणि बीजिंगचा माणूस एकमेकांचे बोलणे समजू शकत नाहीत, पण दोघांच्या भाषेला ‘चिनी’ हे एकच नाव आहे. उलट हिंदी आणि उर्दू बोलणारे दोघे मालेगावच्या चहाच्या टपरीवर तासभर गप्पा मारतील आणि फॉर्मवर वेगवेगळ्या भाषा लिहितील.

आमचा नाशिक जिल्हाच पाहा. सटाणा, मालेगाव, देवळ्याकडे अहिराणी आहे. “मना भाऊ घर शे” म्हणजे माझा भाऊ घरी आहे. हा ‘शे’ शंभरातला नव्हे, हे क्रियापद आहे, गुजराती ‘छे’शी मिळतेजुळते. ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा? ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात मराठीचा खंड १९०५ चा आहे, पण खानदेशी त्यात नाही, ती १९०७ च्या खंडात भिल्ली बोलींबरोबर आहे. जनगणनाही खानदेशी वेगळी मोजते, १८ लाख ६० हजार. घरात अहिराणी बोलणारी कितीतरी माणसे मात्र विचारल्यावर मराठी सांगतात, आणि तेही खरेच असते. सुरगाणा, पेठ, कळवणकडे कोकणा समाज आहे. त्यांच्या बोलीलाही बोलताना ‘कोकणी’ म्हणतात, आणि गोव्याची कोकणी वेगळी. रकान्यात एक शब्द लिहिला की माणूस कुठल्या ढिगात पडेल सांगता येत नाही.

मामांच्या नोटेकडे या नजरेने पुन्हा पाहिले तेव्हा मी अस्वस्थ झालो होतो. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीस भाषांपैकी सोळा नोटेवर आहेत. बोडो, डोगरी, मैथिली, मणिपुरी, संथाळी आणि सिंधी नाहीत. संथाळीला ७३ लाखांवर लोक मातृभाषा म्हणतात. भिल्ली, जिच्यात वारली, पावरी, मावची मोजल्या जातात, १ कोटी ४ लाखांची आहे. ती नोटेवर नाही आणि अनुसूचीतही नाही. संस्कृत २४,८२१ जणांची मातृभाषा म्हणून नोंदली गेली आणि ती आहे. संस्कृत काढा असे मी म्हणत नाही. ज्या शब्दाच्या मागे मी ही सगळी प्रस्तावना लिहिली तो तिचाच आहे. पण सह्याद्री-सातपुड्यातून नाशिकच्या बाजाराला येणाऱ्यांची, एकूण कोटीभर लोकांची भाषा त्यांच्या हातातल्या पैशावर नसावी, हे मला सलते. संथाळी आणि कोरकू ज्या ऑस्ट्रो-आशियाई कुळातल्या आहेत त्याची तर नोटेवर एकही ओळ नाही. ते कूळ व्हिएतनामपर्यंत पसरलेले आहे, आणि आपल्या मेळघाटातला कोरकू माणूस त्याचा पश्चिमेकडचा वारस.

आणि एक भाषा अशी, जिला कूळच सापडत नाही. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या डोंगरपट्ट्यात निहाली बोलणारी माणसे आहेत, जेमतेम दोन-अडीच हजार. तिचे नाते जगातल्या कुठल्याही भाषेशी अजून सिद्ध झालेले नाही. एकाला तिथे ‘बिडुम’ म्हणतात, तो शब्द तिचा स्वतःचा. दोन ते चार हे आकडे द्राविड वळणाचे, आणि पाचपासून पुढे शेजारच्या हिंदी-मराठीतून घेतलेले. शंभरापर्यंत जायला तिला दुसऱ्यांच्या पायऱ्या लागतात, पण पहिली पायरी तिचीच आहे. प्रमुख भाषांवरच्या पुस्तकात निहालीला पान का, असे हस्तलिखित वाचणाऱ्या एका मित्राने विचारले. ते पान मी ठेवले आहे, आणि वाचकाने ते आधी वाचले तरी चालेल.

पुस्तक वाचायला भाषाशास्त्र यायला हवे असे नाही. ना. गो. कालेलकरांचे ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’ हाताशी असेल तर उत्तम. मराठीत या विषयावर इतके स्वच्छ लिहिता येते हे मला त्यांनी दाखवले. नकाशे पाहावेत, पण कान उघडे ठेवावेत. बसस्थानकावर, दवाखान्याच्या बाकावर, रामकुंडावर यात्रेकरूंच्या गर्दीत.

सुरगाण्याच्या आठवडे बाजारात मी एकदा एका आजीकडे आंबे घ्यायला थांबलो. म्हटले, “आजी, शंभर द्या.” तिने मान वर करून विचारले, “म्हणजे पाच विसा ना, भाऊ?” फ्रेंच माणूस ऐंशीला चार विसा म्हणतो, हे त्या क्षणी मला पुस्तकातून उठून समोर आल्यासारखे वाटले. आजी मोजायला लागली. वीस झाले की एक आंबा खुणेसाठी बाजूला ठेवायची आणि पुन्हा एकपासून सुरू करायची. बाजूला पाच आंबे जमले तशी ती थांबली. मोजणीत न धरलेले ते पाचही तिने माझ्या पिशवीत टाकले.